दूध काही उतू जाईना

चहा घ्या आधी, गार होईल. मी आपला सांगत बसतो, तुम्ही खुशाल हसा. आमच्या घरात या गोष्टीवर अजून रोज कोणी ना कोणी हसतं आणि मी मुकाट्यानं पेपरात तोंड घालतो. दुसरी एखादी फजिती असती तर कोणाच्या तरी माथी मारली असती. ही माझीच, माझ्याच तोंडानं ओढवून घेतलेली. त्यामुळं ती सोयच राहिली नाही.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे, स्टीम कढया बसवायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वसतिगृह, मंगल कार्यालय, असल्या ठिकाणी शेकड्यानं माणसं जेवतात, तिथली ही स्टीलची भलीमोठी कढई. कढई एक दिसते, पण तिला भिंती दोन. त्या दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत बॉयलरची वाफ सोडायची, की आतलं अन्न शिजतं. खाली जाळ नाही, धूर नाही, करपणं नाही. आमचे मालक कढया बनवतात, विकतात आणि मग मला एसटीत बसवून देतात. मी जातो, पाइप जोडतो, वाफ सोडतो, वरण शिजवून दाखवतो आणि पुढच्या गावाला निघतो. गेलं वर्षभर माझं अंथरूण म्हणजे कोणाचं तरी कोठीघर आणि उशी म्हणजे हत्यारांची पिशवी. उठताना आता पाइपाच्या आधी माझे गुडघे वाजतात.

अशातच आम्ही परभणीत घर घेतलं. आम्ही म्हणजे नावापुरतं आम्ही. सामान बायकोनं हलवलं, पंखे मेव्हण्यानं लावले आणि मोरीतला नळ गळतोय हे सासूबाईंनी शोधून काढलं. मी त्या वेळी लातूरकडं एका कार्यालयात सांबाराच्या कढईखाली उताणा पडलो होतो.

पण बायकोनं एक गोष्ट माझ्यासाठी राखून ठेवली होती. नव्या घरात नव्या शेगडीवर दूध उतू घालायचं. ते झाल्याशिवाय त्या ओट्यावर काही शिजवायचं नाही, असं तिचं म्हणणं. आता मी घरात नाही म्हटल्यावर ती काय करत होती? मागच्या गॅलरीत जुना स्टोव्ह मांडून स्वयंपाक करत होती. नवा ओटा, नवी शेगडी, सगळं पुसून झाकून ठेवलेलं, आणि बाई गॅलरीत वाऱ्याला आडोसा म्हणून पाठ करून भाकरी थापतेय.

"तूच घाल की उतू," मी एकदा फोनवर म्हणालो.

"एकटीनं घालतेत का कुटं? शेजारच्या बाया इचारायल्यात, नवरा हाय का न्हाई म्हणून."

मग मी शब्द दिला. शुक्रवारी पूर्णेजवळच्या एका वसतिगृहाचं काम संपतंय, तिथून परभणी म्हणजे हाकेच्या अंतरावर. संध्याकाळच्या गाडीनं येतो, दिवे लागायला घरात हजर.

"बघा हं," ती म्हणाली. "आई पण यायलीय. ह्या टायमाला न्हाई आलाव तर मी त्या ओट्यावर पापड वाळत घालीन, आन् शेगडी देऊन टाकीन भावाला."

म्हणजे त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. घरी जायचं, दूध उतू घालायचं आणि स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या गादीवर आडवं व्हायचं. माणसानं याहून काय मागावं?

शुक्रवारी सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोचलो. पाइप आदल्या दिवशीच जोडून झाले होते, आता फक्त कढया सुरू करून द्यायच्या होत्या. जुन्या मातीच्या चुली त्यांनी पहाटेच पाडून टाकल्या होत्या. तिथले गृहपाल भालेराव सर, मुलांचं सगळं तेच बघतात, अंगानं किरकोळ पण शिस्तीचे. आणि स्वयंपाकाच्या मुख्य गयामावशी. त्यांच्या हाताखाली आणखी तीन बाया होत्या. पण तिघींनी मिळून जे बोलायचं ते गयामावशी एकट्याच बोलायच्या, बाकीच्या नुसत्या माना हलवायच्या.

मी बॉयलर पेटवला, हळूहळू वाफ सोडली. थंड पाइपात पहिल्यांदा वाफ गेली की पाइप ठणठण वाजतो, कोणीतरी आतून हातोडी मारतंय असा. मी हे आधी सांगायला विसरलो. चौघी बाया पदर सावरत अंगणात. "फुटतंय का काय वो?" त्यांना परत आत आणेपर्यंत अर्धा तास गेला. मग पाइपांतलं काळं पाणी काढलं, कढया सोडा घालून उकळून धुतल्या. सगळं चोख. वाफेचं प्रेशर दाखवणाऱ्या गोल गेजचा काटा जिथं पाहिजे तिथं. मी घड्याळाकडं पाहिलं आणि मनातल्या मनात दुपारच्याच गाडीत जाऊन बसलो.

गयामावशींनी कढईला हळदकुंकू लावलं, एक झेंडूचं फूल ठेवलं आणि खाली वाकून पाहिलं.

"साहेब, जाळ कुटंय?"

"जाळ नाही मावशी. वाफ आहे. आतल्या आत फिरते."

"दिसत न्हाई की."

"दिसली तर बिघडलं म्हणायचं," मी म्हणालो. त्या हसल्या. मला वाटलं, जमलं आपलं.

मग त्यांनी पदराआडून तांब्या काढला. घरच्या म्हशीचं दूध, पहाटे काढलेलं. "आदी दूध उतू घालूत, मंग तांदूळ वैरते."

आता ऐका माझ्या अकलेचं. आमच्या मालकांनी मला गिऱ्हाइकासमोर बोलायची पाचसहा वाक्यं पाठ करून दिलीत. त्यांतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य दुधाचं. कार्यालयवाल्यांपुढं म्हटलं की माना डोलतात, डेअरीवाल्यांपुढं म्हटलं की लगेच चहा येतो. 'दूध' शब्द कानावर पडला आणि ते वाक्य माझ्या तोंडातून आपोआप बाहेर आलं.

"मावशी, तीच तर गंमत आहे. या कढईत दूध उतू जातच नाही!"

तांब्या हवेत थांबला.

"जातच न्हाई?"

"अजिबात नाही. कितीही तापवा."

"म्हंजे, आज जाणार न्हाई?"

"आज काय, ही कढई भंगारात जाईपर्यंत नाही," मी छाती पुढं काढून म्हणालो.

मागच्या तिघींनी माना हलवल्या, पण या वेळी आडव्या. आणि मी कोण? ज्याची बायको याच एका दुधापायी गॅलरीत भाकरी थापतेय, तो. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी आपला पुढं बोलतच होतो, की याच्या भिंतीचा फक्त खालचा अर्धा भाग तापतो, वरचा काठ थंड राहतो, त्यामुळं दूध वर येतं आणि थंड काठाला लागून खाली बसतं.

गयामावशींनी तांब्या खाली ठेवला. "मंग असल्या चुलीवर लेकरायचं अन्न कसं शिजवावं साहेब? दूध उतू न्हाई गेलं तर बरकत कशी ऱ्हाईल? आमी तांदूळ घालणार न्हाई."

भालेराव सरांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"माझा या गोष्टींवर विश्वास नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"वा, सर. मग तुम्हीच समजवा त्यांना."

"पण मला रोज त्यांच्या हातचं जेवायचंय. उतू घाला."

"सर, या कढईची रचनाच अशी आहे की..."

"रचना तुमची तुमच्यापाशी. चुली पाडल्यात, गावातला आचारी यात्रेला गेलाय. संध्याकाळी पोरं ताट घेऊन रांगेत उभी राहतील, तेव्हा त्यांना रचना वाढू का?"

"एखादं लहान पातेलं ठेवून..." मी म्हणालो.

"ठेवताव कशावर?" गयामावशी लांबून म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू येतं. "जाळच न्हाई म्हणलाव ना तुमी."

हेही मीच सांगितलेलं.

मग काय, तांब्याभर दूध कढईत ओतलं. दोनशे लिटरच्या कढईत तांब्याभर दूध म्हणजे परातीत सांडलेला चहा. तळाला पसरलं, बुडबुडलं आणि आम्ही सगळे कढईत डोकावून बघेपर्यंत त्याचा खवा झाला. एका बाईनं उलथन्यानं तो काढला आणि मला दिला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. सकाळपासून पोटात दुसरं काही नव्हतं.

"दूध कमी पडलं," मी तोंड पुसत म्हणालो. "जास्त लागेल."

हे वाक्यही मी गिळायला हवं होतं. सरांनी गावातल्या डेअरीवर निरोप धाडला. थोड्या वेळात एक कॅन आला. तो ओतला, वाफ सोडली. दूध तापलं, सायीनं थरथरलं, फेस धरून वर यायला लागलं. बाया पुढं सरकल्या. मीही श्वास धरला. फेस अर्ध्या कढईपर्यंत आला, थंड पत्र्याला टेकला आणि निवांत खाली बसला. परत वर आला, परत बसला. आमच्या कढईचं काम एकदम पक्कं. मालकांना तिथं उभं करून दाखवायला पाहिजे होतं.

खिशात फोन वाजला.

"निघालाव का?"

"निघतोच आहे. इथं जरा दूध उतू जात नाहीये."

"काय म्हणालाव?"

"अगं, कढईत दूध घातलंय, ते उतू जाईना म्हणून थांबलोय."

"दुसरं काई सापडलं न्हाई का सांगायला?" आणि फोन बंद.

एव्हाना गावात बातमी गेली होती. वसतिगृहात दूध उतू जाईना. म्हणजे बघा, एखाद्याची गाय हरवली तर गाव असं धावत नाही. माणसं आली ती हात हलवत आली नाहीत. कोणी तांब्या घेऊन आलं, कोणी किटली, कोणी बरणी. "आमचं बी घाला, लेकरायचं काम हाय." एका आजींनी तर चहापुरतं ठेवलेलं पावशेर दूध पदराखाली झाकून आणलं आणि स्वतःच्या हातानं कढईत ओतलं. मला खरं तर तेव्हा गहिवरूनच आलं. पण गहिवर आणि झोप यांत मला हल्ली फरक करता येत नाही.

दुधाबरोबर सल्लेही आले. एक म्हणाला, बॉयलरचं तोंड मावळतीला आहे, त्याचा दोष. दुसरा म्हणाला, बॉयलरला नारळ फोडला नाही. फोडला. तिसरा काही न बोलता नुसता गेजकडं टक लावून बसला होता. शेवटी म्हणाला, "काटा हलायला न्हाई. घड्याळ बंद हाय का ह्ये?"

मलाही आता राहवेना. मी म्हणालो, थोडं प्रेशर वाढवतो. बॉयलरवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफ जास्त झाली की तो आपोआप उघडतो आणि जादा वाफ बाहेर सोडतो. त्याचं कामच ते. माझा तो व्हॉल्व्ह अगदी इमानदार. मी जरा कुठं प्रेशर चढवलं की त्यानं असा सूऽऽ करून फवारा सोडला, की सगळं गाव अंगण ओलांडून पार रस्त्यावर. एकटे भालेराव सर दारात उभे. पळायचं त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

"हे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"सुरक्षितता," मी म्हणालो आणि प्रेशर मुकाट्यानं खाली आणलं.

दुपारची गाडी गेली. संध्याकाळची जायची वेळ जवळ यायला लागली. कढई निम्म्याच्या वर भरलेली, दूध आटून पिवळसर, दाट झालेलं, सगळीकडं बासुंदीचा वास. शाळा सुटली तशी पोरं अंगणात आली आणि नाक वर करून उभी राहिली. तांदूळ निवडून, धुवून तसाच पडलेला. गयामावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांचा चेहराही उतरला होता. त्या काही हट्टानं बसल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांना खरंच भीती वाटत होती. अठरा वर्षं त्यांनी त्या मातीच्या चुलीवर पोरांना जेवू घातलं, एकही पोर कधी आजारी पडलं नाही, आणि आता ही न दिसणारी वाफ.

"साहेब, तुमच्या घरी न्हाई का घालत दूध उतू?" त्यांनी विचारलं.

"घालतो की," मी म्हणालो. "आज संध्याकाळीच घालायचंय. नवीन घर घेतलंय."

"मंग जावा की घरी. बायकू वाट बघत आसल."

"हे झालं की जातो, मावशी."

त्यांना माझी दया आली बहुतेक. मलाही माझी आली. अंगातलं सगळं बळ गेलं होतं. मी कढईशी गेलो आणि टेकायला काहीतरी हवं म्हणून बाजूच्या दांड्यावर सगळा भार टाकून उभा राहिलो, डोळे मिटून.

आता तो दांडा कसला? शिजलेलं अन्न काढायला कढई वाकवतात, तो वाकवायचा दांडा. त्याला एक खिट्टी असते. ती लावलेली असली की दांडा हलत नाही. प्रत्येक गावात मी बायांना बजावून सांगतो, बाई, काही विसरा पण खिट्टी लावायला विसरू नका. आणि खिट्टी कुठं होती? माझ्या शर्टाच्या खिशात.

कढई वाकली. दुधाची एक लाट काठावरून आली आणि धप्पदिशी फरशीवर, माझ्या बुटांवर, माझ्या पिशवीवर. नशीब, बूट कामाचे होते, जाड. मी दचकून दांडा वर ओढला, कढई सरळ झाली. पण तेवढ्यात चांगलं बादलीभर दूध दाराकडं वाहत निघालं होतं.

मी डोळे मिटले. म्हटलं, आता नोकरी गेली.

"गेलं!" गयामावशींचा आवाज आला. "गेलं गं बया, उतू गेलं!"

"मावशी, ते उतू नाही गेलं, मी..."

"काठावरून पडलं का न्हाई?"

"पडलं, पण..."

"कुण्या अंगाला गेलं?" त्यांनी दाराकडं पाहिलं. दार उगवतीला. "उगवतीला गेलं. आता काय ऱ्हायलंय?"

भालेराव सर माझ्या कानाशी आले. "आता एक शब्द बोललात तर तुम्हालाच कढईत घालीन."

मी गप्प बसलो. दिवसभरात पहिल्यांदाच, आणि त्याचा लगेच गुण आला. उरलेल्या दुधात तांदूळ गेला, साखर गेली आणि पोरांना त्या रात्री खीर मिळाली. गावातल्या माणसांनाही वाटी वाटी मिळाली. ती पावशेरवाली आजी मला म्हणाली, "बाबा, असली कढई रोज बसवत जा." गयामावशींनी कढईच्या काठावर बोटानं टिचकी मारली आणि सरांना सांगितलं, चूल चांगली हाय. सरांनी लगेच काम पूर्ण झाल्याचं लिहून दिलं. सगळं मिळालं. फक्त गाडी गेली.

परभणीकडं जाणारी दूधगाडी रस्त्यावर उभी होती. रिकाम्या कॅनांच्या मध्ये बसून घरी निघालो. दुसरं कुठलं वाहन माझ्या नशिबी असणार होतं?

दार उघडलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं. सासूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन, शेजारच्या दोघीतिघी जणी, आणि बायको नवी साडी नेसून ओट्याशी. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. बूट, पँट, पिशवी, सगळ्याला दुधाचा वास.

"खरंच दूधच होतं का?" ती म्हणाली.

"मी सांगत होतो ना."

मग ती हसली. महिनाभरानं मी ते हसू बघत होतो. मला एकदम हलकं वाटलं. तिनं नव्या शेगडीवर छोटं पातेलं ठेवलं, दोघांचा हात लावून गॅस पेटवला आणि मला स्टूल दिलं. "बसा. नुसतं बघत बसा. आज तुमाला काई करायचं न्हाई."

मी बसलो. भिंतीला डोकं टेकलं. नवीन रंगाचा वास येत होता, बाया हळूहळू बोलत होत्या. माझे डोळे कधी मिटले ते मला कळलं नाही. कानावर फक्त एवढंच आलं, "आलं, आलं, वर यायलंय बघा."

आणि पाठोपाठ तो आवाज. बारीक, सूऽऽ असा.

वर्षभर ज्या आवाजाला मी झोपेतून उठून धावलो, तोच. मी स्टुलावरून ताडकन उठलो. "वाफ बंद करा! व्हॉल्व्ह!" असं ओरडत ओट्यावर झेप घेतली आणि गॅसचं बटण फिरवलं.

काठाशी आलेलं दूध थबकलं. थरथरलं. आणि गुमान खाली बसलं.

सासूबाईंच्या हातातलं ताट तसंच हातात. शेजारणींनी एकमेकींकडं पाहिलं. माझा हात अजून बटणावर होता आणि तो काढावा की ठेवावा हे मला सुचत नव्हतं.

बायको जवळ आली. माझं एकेक बोट धरून हात बटणावरून काढला, मला खांद्याला धरून परत स्टुलावर बसवलं आणि आईकडं वळून शांतपणे म्हणाली,

"दिवसभर त्या कढईला बोल लावायलेत. कढई चांगलीच आसल बिचारी."